उरलेला पांढरा प्लग

बॉनेट उघडल्यावर मीटरकाका दोन पावलं मागे सरले. हात पाठीमागे बांधून नुसते आत बघत राहिले. इंजिनाच्या अंगाखांद्यावर प्लग लोंबत होते. काळे, राखाडी, एक मळकट हिरवा, एक पांढरा. कुणाला दोन पिना, कुणाला तीन. प्रत्येकाच्या मागे रंगीत वायरी, आणि त्या सगळ्या जाऊन एका जाड काळ्या जुडग्यात गडप झालेल्या.

"हे कुणाचं कर्तृत्व?" त्यांनी शेवटी विचारलं.

"दादाने गाडी धुवायला दिली होती, इंजिनासकट. विकायची तर चकाचक दिसायला नको का? तिथल्या माणसाने पाणी जाऊ नये म्हणून सगळे प्लग सोडले, आणि दुसऱ्या दिवशी नोकरीच सोडली."

"प्लग न लावता?"

"प्लग न लावता. गाडी दोरीने ओढत घरी आली. शेजाऱ्यांना तेवढीच करमणूक."

मीटरकाका हसले नाहीत. गळ्यातला वीज तपासायचा मीटर त्यांनी सदऱ्याला पुसला. तो मीटर त्यांच्या गळ्यात इतकी वर्षं लटकतोय की त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवावं लागत असेल. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा माणूस चटपटीत असावा अशी माझी समजूत होती. हे गृहस्थ मात्र एक स्क्रू काढायचा तर आधी त्याच्याशी ओळख करून घेत. मला अशा संथ माणसांचा फार राग येतो. पण दादाने त्यांनाच बोलावलं होतं आणि स्वतः पंपावर ड्युटीला निघून गेला होता, त्यामुळे राग कुणावर काढायचा हाही प्रश्नच होता.

मी पडदे शिवते. दुपारी जेवण झालं की शिवणाच्या मशीनवर बसल्याबसल्या माझे डोळे जड होतात आणि जग जरा पातळ दिसायला लागतं. त्या दिवशीही तसंच झालं होतं. अंगणातल्या शेडच्या पत्र्यात मधे मधे हिरवट प्लास्टिक बसवलंय. त्यातून उजेड असा उतरतो की आपण तळ्याच्या तळाशी बसलोय असं वाटावं. दोरीवर वाळत घातलेली चादर हलत नव्हती. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवली आणि तिचा आवाज आमच्यापर्यंत पोचेस्तोवर सायकल पार पुढे गेली असावी.

गाडीत मागच्या सीटवर बाबा बसले होते.

बाबांची वाचा गेली त्याला आता काही वर्षं झाली. एका सकाळी मेंदूत रक्त अडलं, उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. आई होती तोवर त्यांचं सगळं तीच बघायची. तिला ते न बोलता कळायचे. मग काही महिन्यांपूर्वी आईच गेली, झोपेतच, कुणाला तसदी न देता. आणि तेव्हापासून बाबांच्या डाव्या हाताचं बोट सुरू झालं. हाताखाली येईल त्यावर ते दाबत राहायचे. खुर्चीच्या हातावर, उशीवर, जेवताना ताटाच्या कडेवर, मी जवळ बसले तर माझ्या मनगटावर. टक, टक. थांबून पुन्हा टक. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, हे आजाराचं आहे, मेंदूचा चाळा आहे, याला अर्थ नसतो. त्यांच्यापर्यंत फारसं काही पोचत असेल असं धरून चालू नका. एक गोळी आहे, बोट थांबेल. मात्र दिवसाचा बराचसा वेळ ते झोपून राहतील.

दादा त्यांच्याच खोलीत झोपतो. पलंगाच्या लाकडावर ती टकटक रात्रभर चालायची. ड्युटीवर त्याचे डोळे लाल असायचे, जिन्यात तो चालता चालता झोपायचा. "ठिणगे, मी माणूस आहे," तो मला म्हणाला होता. मला तो ठिणगी म्हणतो. का, ते सांगायला नको. "गोळी सुरू करू या. त्यांनाही आराम, मलाही." मी म्हटलं, थांब जरा. का थांबायचं ते मला सांगता येईना. एवढंच वाटायचं की बाबा एकदा त्या झोपेत गेले की आपण त्यांना पुन्हा कधी भेटणार नाही. मग भांडण झालं, आणि सोमवारपर्यंत थांबायचं ठरलं. हे प्लगचं काम चाललं तो रविवार होता.

गाडीत बसवलं की मात्र ते बोट थांबायचं. हे आम्हाला अचानकच कळलं. गाडी धुऊन आली त्या दिवशी बाबा खिडकीतून तिच्याकडे बघत उठायलाच लागले, म्हणून दादाने उचलून मागच्या सीटवर नेऊन ठेवलं. हात खाली दाराच्या बाजूला सोडून ते स्वस्थ बसले, टकटक बंद. तेव्हापासून रोज दुपारी ते तिथे बसत. बंद पडलेल्या गाडीत बसून कुठे जात होते कोण जाणे.

"ताई, इकडे या," मीटरकाका म्हणाले. "एकट्याचं काम नाही हे. तुम्ही वायर धरा, मी तिचं घर शोधतो."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मलाही सुरुवातीला कळत नाही. बघा, एक नियम आहे. वायर जिथवर आरामात पोचते, तिथेच तिचं घर. ओढून बसवायची नाही. ओढावी लागली तर ते घर दुसऱ्याचं."

मी वाकले. आत गरम नव्हतं, पण जुन्या तेलाचा वास होता आणि त्यात धुण्याच्या साबणाचा लिंबासारखा वास मिसळला होता. मी एक राखाडी प्लग हातात धरला. त्याची वायर पिवळी, आणि पिवळ्यावर बारीक काळी रेघ. कापडाच्या किनारीला असते तशी. ती रेघ दिसल्यावर मला जरा हुशारी आली. रंगांत मला कुणी फसवू शकत नाही.

"अशीच रेघ असलेली दुसरी कुठे दिसते का?" काका म्हणाले. "नाही? मग हा सेन्सरचा. सेन्सर म्हणजे गाडीची नाकं-कानं. हा इथे, पाण्याच्या नळीपाशी, पितळेचा. हा पाणी किती तापलं ते सांगतो. तो वरचा आत जाणारी हवा मोजतो. आणि खाली तो बोल्टने आवळलेला, तो ऐकतो."

"काय ऐकतो?"

"इंजिनात ठोका पडतो का ते. दिवसभर कान लावून बसलेला असतो."

मी त्या काळ्या गोल तुकड्याकडे पाहिलं. अंधारात, तेलाने माखलेला, आयुष्यभर नुसतं ऐकत बसलेला. दुपारच्या त्या गुंगीत मला त्याची दया आली. मग मनात आलं की या एवढ्याशा जागेत केवढी वस्ती आहे. कुणी हुंगतंय, कुणी चाचपतंय, कुणी ऐकतंय, आणि सगळे आपापल्या वायरीतून काही ना काही कळवत असतात. वरून झाकण बंद, आणि आपण गाणी ऐकत गाडी चालवतो.

"आणि हा पाण्याचा प्लग सुटलेला राहिला तर?" मी विचारलं. "गाडीला काय वाटतं? की काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. तिला वाटतं बाहेर कडाक्याची थंडी आहे. बर्फ पडतोय."

"या उन्हात?"

"तिच्याकडे निरोपच आला नाही. मग ती थंडी धरून चालते. पेट्रोल जास्त पिते, धूर सोडते. आपण म्हणतो गाडी बिघडली." त्यांनी प्लग पितळेच्या तुकड्यावर बसवला. बारीक टक असा आवाज झाला आणि त्यांनी तो हलकेच ओढून पाहिला. "बसला. पुढचा."

असे आम्ही एकेक करत गेलो. मी रंग सांगायची, ते पिना बघायचे, प्लगच्या आतली खाच बोटाने चाचपायचे, डोळे मिटूनच. कधी मीटरची एक सुई प्लगला आणि दुसरी भलतीकडेच कुठे लावून ते मला म्हणायचे, "वायर हलवा," आणि मी हलवली की मीटर टीं करायचा. मला ते आवडायला लागलं होतं, हे मी त्यांना कळू दिलं नाही. दोन काळे प्लग मात्र हुबेहूब जुळे निघाले. तीन पिना, तसलीच खाच, वायरीही जवळजवळ सारख्या. काकांनी जरा विचार करून एक वर लावला, एक खाली.

"किल्ली फिरवा."

मी पुढच्या सीटवर बसले. बॅटरी त्यांनी स्वतःची आणून लावली होती. किल्ली फिरवल्यावर इंजिन खोकलं, एकदा जोरात ठसकलं आणि थांबलं. आरशात बाबा दिसले. ते माझ्याकडे बघत होते, की माझ्या पलीकडे, ते कळलं नाही.

"खालचा मी जरा ताणून बसवला होता," काका बॉनेटमागून म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "स्वतःचाच नियम मोडला. माणूस जुळ्यांपुढे घाईला येतो."

"नियम शिकवायला सोपे असतात," मी म्हटलं. तेवढी संधी मी सोडणार नव्हते.

त्यांनी दोघांची अदलाबदल केली. या वेळी किल्ली फिरवल्यावर इंजिन लागलं. आधी कुरकुरलं, मग शांत गुरगुरत राहिलं. कितीतरी दिवसांनी तो आवाज अंगणात आला. आई गेल्यापासून, एकदा धुवायला गेली ती सोडली तर, गाडी उभीच होती. आई रोज दुपारी बाबांना मागे बसवून फिरायला न्यायची, तास दीड तास, कुठे ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा दुसऱ्या गावी राहायची; फोनवर विचारलं तर म्हणायची, "जातो आपले रस्ता नेईल तिकडे." मला वाटायचं, बिचाऱ्या बाबांना हिच्या हौसेपायी फरफट. मी किल्ली उलटी फिरवून इंजिन बंद केलं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. म्हणजे, हा एक उरला."

पांढरा प्लग. इतरांपेक्षा लहान, आत एकच पिन, मागे एकच वायर, आकाशी रंगाची. ती वायर इतरांसारखी काळ्या जुडग्यात शिरत नव्हती. त्याच्या बाजूने, वेगळी, आपल्या वाटेने चालली होती.

"हा कारखान्याचा नाही. नंतर कुणी तरी घातलाय. चोर येऊ नये म्हणून लोक भोंगा बसवतात, त्याचा असेल." त्यांनी मीटरची एक सुई पिनेला लावली, दुसरी गाडीच्या लोखंडाला. मीटर टीं वाजला. थांबला. पुन्हा टीं. थोडा वेळ काहीच नाही. मग टीं, टीं.

"तुम्ही हात हलवताय," मी म्हटलं.

"नाही हो." त्यांनी सुया अगदी घट्ट धरल्या. मीटर पुन्हा वाजला, थांबला. "कुठे तरी लूज आहे. वाऱ्याने हलत असेल."

दोरीवरची चादर स्तब्ध होती. वारा नव्हताच.

"टेप लावून बांधून टाकतो. गाडी चालतेय ना? ज्याचा जोडीदार सापडत नाही त्याच्या नादाला लागू नये, ताई. उगीच काही तरी जळायचं."

शहाणपणाचा सल्ला होता. पण मला असं अर्धवट टाकलेलं बघवत नाही. शिवणीचं एक टोक सुटलेलं दिसलं तर मी दुसऱ्याच्या घरचा पडदाही हातात घेते. शिवाय ते टीं टीं माझ्या कानात राहिलं होतं. "तुम्ही चहा प्या," मी म्हटलं, "मी बघते ही कुठे जाते ती."

वायर दोन बोटांत धरून मी निघाले. ती बॅटरीच्या बाजूने मागे गेली, इंजिन आणि गाडीच्या पोटामधल्या पत्र्याला एक रबरी बूच होतं त्यातून आत शिरली. मी दार उघडून आत वाकले. डॅशबोर्डखाली ती पुन्हा सापडली. तिथे ती दुसऱ्या एका वायरीबरोबर चालत होती आणि दोघी एकत्र बांधल्या होत्या. टेपने नाही, प्लास्टिकच्या पट्टीने नाही. दोऱ्याने. मेण लावलेल्या जाड दोऱ्याने, बोटभर अंतरावर एकेक गाठ, प्रत्येक गाठ एकाच बाजूला वळलेली.

मी तिथेच गुडघ्यांवर बसून राहिले.

ती गाठ मी ओळखत होते. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. मोठ्या बोर्डापुढे बसायची, कानाला हेडफोन लावून. तिथल्या केबली अशाच बांधत, आणि तिथल्या मिस्त्रीकडून ती ते शिकली होती. मग घरात ती सगळं तसंच बांधायची. रद्दी, पडद्यांच्या दोऱ्या, माझ्या वेण्यांवरची रिबीनसुद्धा एकदा बांधली होती, सोडवता सोडवता मी रडले होते. एक गाठ सुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात, म्हणायची. इथे डॅशबोर्डखालच्या अंधारात, कुणी बघणार नाही अशा जागी, तिने त्या एकेक करून मारल्या होत्या. चष्मा घालून, पाठ दुखत असताना, तोंडाने दोरा तोडत.

"काय झालं ताई?" काका बाहेरून विचारत होते.

"ही आईने घातलीय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

एक वायर वर वळून स्टिअरिंगच्या शेजारी एका बारीक लाल काचेमागे गेली. ती काच मी कितीदा पाहिली असेल; बंद पडलेला कसला तरी दिवा, असं धरून चालले होते. दुसरी वायर खाली उतरली. पायाखालची चटई मी उचलली. गाठ, गाठ, गाठ. दाराच्या उंबऱ्याची पट्टी सैल होती, तिच्याखालून ती मागे निघाली. मी बाहेर येऊन मागचं दार उघडलं. मला घाई नव्हती. स्वप्नात आपण जिना उतरतो आणि खाली काय आहे ते आपल्याला आधीच माहीत असतं, तसं झालं होतं. वायर सीटच्या कडेने वर चढली, दाराच्या बाजूला, बाबांच्या डाव्या हाताखाली, आणि तिथे संपली.

बाबांच्या हाताखाली, सीटच्या शिवणीत, एक बटण होतं. दारावरच्या घंटीचं असतं तसलं. आणि त्यावर बाबांचं बोट होतं. ते बोट दाबत होतं, सोडत होतं, पुन्हा दाबत होतं.

गाडीत बसवलं की बोट थांबतं, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. डॉक्टरांनासुद्धा सांगितलं होतं.

बाबा माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे. मी उठले आणि मीटरकाकांना म्हटलं, "याचा जोडीदार शोधा. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी काही विचारलं नाही. बॅटरीखालच्या ताटलीत हात घालून ते चाचपत राहिले, डोळे मिटून, आणि मला पहिल्यांदा त्यांच्या संथपणाचा राग आला नाही. रडू येत होतं एवढंच. शेवटी त्यांनी ताटलीखालून एक वायर ओढून काढली. आकाशी. टोकाला पांढरा प्लग, चिखलाने माखलेला. गाडी धुणाऱ्याने सोडून तसाच खाली टाकला होता. काकांनी तो फुंकून, पुसून घेतला. मग फ्यूज पाहिला, पुन्हा पाहिला.

"तुम्ही पुढे बसा," ते म्हणाले. "मी जोडतो."

मी आईच्या जागी बसले. सीट पुढे ओढलेली होती. तिचे पाय माझ्यापेक्षा आखूड. बॉनेटमागे टक असा बारीक आवाज झाला, आणि स्टिअरिंगच्या शेजारची ती लाल काच पेटली.

विझली. पुन्हा पेटली.

एक्स्चेंजात असंच असायचं. लहानपणी आई मला एकदा घेऊन गेली होती. कुणी फोन उचलला की बोर्डावर एक दिवा लागायचा. दिवा लागला म्हणजे कुणी तरी बोलावतंय, ती म्हणाली होती, आणि त्याला ताटकळत ठेवायचं नाही.

मी मागे वळले. "बाबा," मी म्हटलं. इतके महिने आम्ही त्यांच्याशी मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होतो आणि उत्तराची वाट न बघता खोलीबाहेर जात होतो. "बाबा, हे तुम्ही करताय? मुद्दाम?"

दिवा एकदा लागला.

"मी कोण? मी तुमची मुलगी ना?"

एकदा.

"मी दादा आहे का?"

दोनदा.

"मी पोस्टमन आहे?"

दोनदा, इतक्या तडकाफडकी की मीटरकाका बॉनेटमागे हसले. बाबांच्या तोंडाची डावी बाजू जरा वर गेली होती. वाचा जायच्या आधी मी काही वेडपट बोलले की ते असेच एका बाजूने हसायचे. ते आत होते. सगळेच्या सगळे आत होते, आणि उद्या सकाळी आम्ही त्यांना झोपवणार होतो.

मला आता विचारायलाच हवं होतं, पण धीर होत नव्हता. मी स्टिअरिंग धरून पुढे बघत विचारलं, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसू नये. "बाबा, आई गेली हे तुम्हाला माहीत आहे?"

बराच वेळ काच काळीच होती. मग ती लागली, आणि लवकर विझली नाही. विझल्यावर मी वाट बघितली. दुसऱ्यांदा लागली नाही.

"मग आईला बोलावत होता?"

दोनदा. नाही.

"आम्हालाच?"

एकदा.

"काय हवं होतं? पाणी?" दोनदा. "दुखतंय कुठे?" दोनदा. "फिरायला जायचंय?" जरा थांबून, दोनदा. मी सुचेल ते विचारत गेले. पंखा, पांघरूण, रेडिओ, कूस बदलायची. सगळ्याला दोनदा. दिवा शांतपणे नाही नाही म्हणत होता आणि मी चिडत चालले होते, माझा स्वभावच तसा. "मग काहीच नको होतं का?"

एकदा.

"नुसतंच बोलावत होता?"

एकदा.

मीटरकाकांनी बॉनेट हळूच खाली आणलं आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नळावर जाऊन हात धुवायला लागले. फार वेळ धूत होते.

दादा आला तेव्हा मी अजून तिथेच बसले होते. सायकल भिंतीला लावून तो जवळ आला. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली, हातात औषधांच्या दुकानाची छोटी पिशवी. "चालू झाली वाटतं गाडी," तो म्हणाला.

"बस इथे." मी उतरले.

"ठिणगे, मी दमलोय गं."

"बस म्हटलं ना."

माझ्या तोंडाकडे पाहून तो मुकाट्याने बसला. त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. पिशवी त्याने मांडीवर ठेवली. मी त्याला लाल काच दाखवली, आकाशी वायर दाखवली, मागे नेऊन बटण दाखवायची गरज पडली नाही; तोच आरशातून बघत होता. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, मी म्हटलं. विचार.

त्याने विश्वास ठेवला नाही. "बाबा, आज वार कोणता? शनिवार?" दोनदा. "रविवार?" एकदा. दादाने मान खाली घातली. मी त्याच्या दाराशी उभी होते, त्यामुळे मला त्याचा फक्त कान दिसत होता, आणि तो लाल होत चालला होता.

"बाबा," तो अगदी हळू म्हणाला. "रात्री पलंगावर. ते पण मलाच?"

काच लागली. एकदाच.

दादा दोन हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. रोज रात्री दोन हातांवरच्या पलंगावर तो कानावर उशी दाबून पडायचा. हे मला त्यानेच सांगितलं होतं, तक्रार म्हणून. मांडीवरची पिशवी घसरून पायापाशी पडली, ती त्याने उचलली नाही.

काच पुन्हा लागली. या वेळी विझेना. लागलेलीच राहिली.

"काय हवंय त्यांना?" दादाने मला विचारलं. "काय विचारू?"

"काही विचारू नकोस," मी म्हटलं. "हाक मारतायत. ओ दे."

आमच्या घरात हाक आली की आधी ओ द्यायची आणि मग काम विचारायचं, हा आईचा दंडक होता. दादाला ते आठवत होतं की नाही कुणास ठाऊक. मग आरशात बघून, लहानपणी मैदानाच्या त्या टोकावरून द्यायचा तशी, अंगणभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्याने ओ दिली.

दिवा विझला.